गाठ आणि चेहरा

आमच्या पिढीचे मेंदूचे सर्जन कोटाच्या खिशात ट्यूनिंग फोर्क बाळगत. तो तळहाताच्या कडेवर आपटायचा, आधी कपाळाच्या मधोमध टेकवायचा, मग एकेका कानामागच्या हाडावर, मग कानासमोर धरायचा आणि म्हणायचं, "आवाज कुठल्या बाजूला मोठा येतो? थांबला की हात वर करा." आज मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत रुग्ण खुर्चीत टेकायच्या आधी त्याचा एमआरआय टेबलावर आलेला असतो, अलीकडे तर तो मोबाइलवरच येतो. तेव्हा गाठीचा पत्ता माणसाकडून कळायचा. आता गाठ आधी दिसते आणि माणूस मागाहून.

मेंदूच्या नसांवरच्या या गाठी विरळ. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, कवटीच्या तळातल्या लहान लहान भोकांतून बाहेर पडतात आणि नाक, डोळे, चेहरा, कान, घसा, जीभ असा सगळा मुलूख सांभाळतात. पहिल्या दोन जोड्या सोडल्या तर बाकीच्यांभोवती ज्या पेशींचं वेष्टन असतं त्यांना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्या पेशी कधी वाढत जातात आणि श्वानोमा नावाची गाठ तयार होते. ती कॅन्सरची नसते, शरीरात इतरत्र पसरत नाही, वाढलीच तर बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढते. सगळ्यांत जास्त आढळते ती आठव्या नसेवर, म्हणजे ऐकण्याच्या आणि तोल सांभाळण्याच्या नसेवर. आणि तीही वर्षाला लाखात एखाद-दोघांना. पाचव्या नसेवरची त्याहून दुर्मीळ. सातव्या, नवव्या, दहाव्या, बाराव्या नसेवरच्या गाठी तर एखाद्या सर्जनला सगळ्या कारकिर्दीत मोजक्याच भेटतात. गाठ साधी, पण जागा साधी नाही. श्वास आणि हृदय चालवणारा ब्रेनस्टेम तिला लागूनच असतो.

सत्तरच्या दशकात मुंबईच्या वॉर्डांत आम्ही घडलो, तेव्हा बारा नसा क्रमाने तपासणं हा आमचा नित्यनेम होता. एक नाकपुडी बंद करून दुसरीशी कॉफीची पूड, लवंग नाहीतर कापूर धरायचा. डोळ्यांपुढे बोट फिरवायचं. खोलीचे पडदे ओढून डोळ्याचा पडदा बघायचा. मग कापसाच्या बोळ्यातून थोडा कापूस ओढून बारीक वात वळायची, रुग्णाला वर बघायला सांगायचं आणि बाजूने येऊन ती अलगद बुबुळाला लावायची. डोळा पटकन मिटला तर ठीक, नाही मिटला तर पाचवी नस दबली. मग एकामागून एक हुकूम: दात आवळा, कपाळाला आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा, आ करा, खांदे उचला, जीभ बाहेर काढा. आ केल्यावर पडजीभ निरोगी बाजूला ओढली जाते आणि बाहेर काढलेली जीभ मात्र रोगट बाजूला वळते, हे आम्हाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. शेवटी वॉर्डातल्या फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगायचं आणि पडलाच तर धरायला आपण बाजूने चालायचं.

या सगळ्याला अर्धा तास लागायचा आणि त्या अर्ध्या तासात माणूस बोलायचा. कुणी सांगायचं, उजव्या कुशीवर झोपलं की पहाटेचा कोंबडा ऐकू येत नाही आणि डाव्या कुशीवर झोपलं की येतो. कुणी बाई सांगायची, चुलीपुढे बसलेलं असताना मागून हाक आली तर ती कुठल्या दारातून आली ते कळत नाही. कुणाला दाढी करताना एका गालावर ब्लेड लागलेलं आरशात रक्त दिसल्यावरच कळायचं. कुणाचं चूळ भरताना पाणी एका बाजूने सांडायचं. रोग्याच्या घरातली एकेक गोष्ट आणि कवटीच्या तळातलं एकेक भोक यांची सांगड घालत आम्ही कागदावर मेंदूचा तळ काढायचो आणि पेन्सिलीने तिथे गोल करायचो.

आता कानात गुणगुण होते म्हणून तिशीतली मुलगी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाते. ऑडिओग्राममध्ये दोन कानांच्या आलेखांत फरक दिसतो, एमआरआय सांगितला जातो, शिरेतून गॅडोलिनियम सोडलं जातं आणि कानाच्या आतल्या हाडाच्या बोगद्यात पाच-सहा मिलिमीटरचा पांढरा ठिपका चमकतो. तिचा चेहरा ठीक असतो, बुबुळाला कापूस लावला तर डोळा मिटतो, रेघेवरून ती सरळ चालते. आमच्या अर्ध्या तासाच्या तपासणीत तिच्या गाठीचा ठावठिकाणा क्वचितच लागला असता.

म्हणूनच त्या जुन्या तपासणीसाठीच्या आमच्या हळहळीकडे आम्हाला जरा संशयानेच बघावं लागतं. कापसाची वात लावून पाचव्या नसेचं निदान करता येत होतं ते आमच्या बोटांत जादू होती म्हणून नाही. आठव्या नसेवरची गाठ वाढून वाढून पाचव्या नसेपर्यंत पोचलेली असायची म्हणून. रुग्ण रेघेवरून चालताना झोकांडी खायचा, कारण गाठीने लहान मेंदूला बाजूला रेटलेलं असायचं. अंधाऱ्या खोलीत डोळ्याचा पडदा सुजलेला दिसायचा, कारण मेंदूतल्या पाण्याची वाट अडून कवटीतला दाब वाढलेला असायचा. काही जण तर आमच्यापर्यंत पोचेपर्यंत आंधळे झालेले असायचे. आमचं कौशल्य खरं होतं, पण ते रुग्णाच्या उशिरावर पोसलेलं होतं. ज्या खुणा वाचता येतात याचा आम्हाला अभिमान होता, त्या सगळ्या खुणा वेळ निघून गेल्याच्या होत्या.

तपासणीनंतर पुरावा हवा असायचा आणि तो मिळवणं रुग्णाला फार जड जायचं. आधी कवटीचे साधे एक्स-रे. डार्करूममधून ओली फिल्म पाणी ठिबकत यायची, ती प्रकाशाच्या पेटीवर लावून दोन्ही कानांचे बोगदे ताडून बघायचे. गाठीच्या बाजूचा रुंदावलेला दिसला की सगळे पुढे वाकायचे. तेवढ्याने भागलं नाही तर कवटीला भोक पाडून मेंदूच्या पोकळीत हवा सोडायची आणि हवेची सावली कुठे सरकली ते फिल्मवर बघायचं. ही युक्ती अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये शोधली होती आणि पन्नासहून अधिक वर्षांनंतरही आम्ही तीच वापरत होतो. नाहीतर मानेतल्या धमनीत सुई घालून रंगद्रव्य सोडायचं. ते तंत्र पोर्तुगालच्या एगास मोनिज यांचं, १९२७ चं. हवा भरलेल्या माणसाचं डोकं पुढचे दोन-तीन दिवस ठणकत असायचं आणि त्याला उलट्या व्हायच्या. त्या ओल्या फिल्मभोवती सगळं युनिट जमून वाद घालायचं, सर शेवटी बोलायचे, ते आम्हाला अजून आठवतं. त्या वादाचं मोल रुग्ण खाटेवर उलट्या करत चुकवत होता, हेही आठवलं पाहिजे.

१ ऑक्टोबर १९७१ या दिवशी लंडनच्या विम्बल्डनमध्ये, अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढला आणि हवा भरण्याचे दिवस संपायला सुरुवात झाली. पुढे एमआरआयने बाकीचं काम केलं. आज रुग्ण खडखडणाऱ्या बोगद्यात निजतो, उठतो आणि चहा पिऊन घरी जातो. चेहरा हलवणारी सातवी नस गाठीच्या पुढून गेली आहे की वरून, याचा अंदाजही कधी कधी आधीच येतो. चित्रावर वाद आता कमी होतात, आणि जे होतात ते रुग्णाला न दुखवता होतात.

शस्त्रक्रियेचा इतिहास याहून कठोर. १८९५ मध्ये एडिनबर्गच्या टॉमस अ‍ॅनन्डेल यांनी आठव्या नसेवरची गाठ काढली आणि ती स्त्री वाचली. पण तो अपवाद. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सर्जन बोट घालून गाठ झपाट्याने खरवडून काढत आणि युरोपातल्या नामवंतांच्या हातूनही दहातले सात-आठ रुग्ण दगावत. हार्वी कुशिंग यांनी घाई सोडली. १९१७ च्या त्यांच्या ग्रंथात या गाठींच्या तीस रुग्णांची हकिगत आहे. नारळाचं खोबरं खरवडून घ्यावं आणि करवंटी जागच्या जागी ठेवावी, तशी गाठ आतून पोखरून तिचं कवच ते तसंच ठेवत. मृत्यू पाचात एकावर आले, पण उरलेलं कवच पुन्हा वाढे. डँडी यांनी ते कवचही काढायला घेतलं. गाठ समूळ निघू लागली आणि तिच्याबरोबर बहुतेकदा सातवी नसही. माणूस जगला, चेहरा गेला. मग १९४९ मध्ये अ‍ॅटकिन्सन यांनी दाखवून दिलं की गाठीला चिकटून जाणारी लहान मेंदूची एक बारीक धमनी तुटली की ब्रेनस्टेमचा रक्तपुरवठा बंद पडतो. गाठ सुरेख निघालेला रुग्ण दुसऱ्या दिवशी का दगावतो, याचं उत्तर तेव्हा कुठे मिळालं.

भारतात या विद्येचं वय फार नाही. मॉन्ट्रिऑलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्याकडे शिकून आलेल्या जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला मेंदूशस्त्रक्रियेचा विभाग उघडला. पाठोपाठ मद्रासला बी. राममूर्ती यांनी काम सुरू केलं. १९५१ मध्ये न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत पन्नाशीच्या दशकात डॉ. होमी दस्तूर यांनी केईएम रुग्णालयात हा विभाग उभारला. आम्ही त्या पहिल्या पिढीचे विद्यार्थी, आणि नुसत्या डोळ्यांनी अशा गाठी काढणाऱ्या हातांची शेवटची पिढी.

तेव्हा शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी न्हावी यायचा. खाटेवर वर्तमानपत्र पसरून सगळं डोकं भादरायचा. एखाद्या बाईचे केस कमरेपर्यंत असले की वॉर्डातल्या मावशी ते कापडात बांधून तिच्या सासूच्या हाती द्यायच्या आणि शेजारच्या बायका डोळे पुसायच्या. रक्तासाठी गावाहून भाऊ, मेहुणे, चुलतभाऊ आलेले असायचे. रक्तपेढीबाहेरच्या बाकावर अख्खं घराणं बसलेलं दिसायचं. सकाळी ट्रॉली निघाली की वॉर्डातले सगळे रुग्ण आपापल्या खाटेवरून हात जोडायचे. आता कानामागे चार बोटं जागेपुरते केस काढतात, तेही भूल दिल्यावर. रक्त लागलंच तर पेढीतून येतं. रुग्ण स्वतंत्र खोलीतून लिफ्टने जातो आणि शेजारच्या खोलीत कोण आहे हे त्याला माहीत नसतं. केस वाचले ते फार बरं झालं. बाईला मुंडन करून टेबलावर नेण्यात कसलाही मोठेपणा नव्हता. पण संध्याकाळी जमलेल्या त्या बायकांची जागा कुणी घेतली नाही.

टेबलावरही आमचे विधी होते. काही ठिकाणी रुग्णाला चक्क बसवून, डोकं पुढे झुकवून शस्त्रक्रिया करत; रक्त खाली ओघळून जाई आणि नजर स्वच्छ राही, पण उघड्या शिरेत हवा ओढली जाण्याची धास्ती सतत असे. मागच्या बाजूने कवटीचं हाड कुरतडायचं, लहान मेंदू हलकेच बाजूला धरायचा आणि कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात खोल तळाशी ती पिवळसर-करडी गाठ दिसायची. मग एका ज्युनिअरला हिरव्या चादरींखाली बसवायचे. त्याचं काम एकच: रुग्णाच्या गालावर तळहात ठेवून बसायचं. वर सर्जनने गाठीच्या आसपास काही छेडलं आणि गाल थरथरला, की त्याने खालून ओरडायचं, "हलला!" आणि वरचे हात जागच्या जागी थांबायचे. चादरीखालच्या उकाड्यात तासन्‌तास एका अनोळखी माणसाचा गाल हाताखाली धरून बसणं आमच्यातल्या पुष्कळांनी केलं आहे. चेहऱ्याची नस म्हणजे काय हे आम्ही पुस्तकाआधी त्या तळहाताने शिकलो.

आज तो तळहात नको झाला आहे. डोळ्याच्या आणि ओठाच्या स्नायूंत बारीक सुया खोचलेल्या असतात, तारा यंत्राला जोडलेल्या असतात, नसेला नुसता धक्का लागला तरी स्पीकरमधून आवाज येतो. १९७९ मध्ये डेल्गाडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीचं वर्णन केलं आणि पुढे ती जगभर रुजली. डोळ्यापुढे सूक्ष्मदर्शक असतो. न्यूरोसर्जनने तो पहिल्यांदा वापरला तोही, योगायोगाने, सातव्या नसेवरच्याच गाठीसाठी: १९५७ मध्ये लॉस एंजलिसला थिओडोर कुर्झ यांनी एका पाच वर्षांच्या मुलावर. त्याच शहरात कानाचे सर्जन विल्यम हाउस यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या हाडातूनच वाट कोरली आणि गाठीच्या आधी सातवी नस हाताला लागेल असं केलं; त्या वाटेने त्या बाजूचं ऐकणं जातं, पण चेहरा वाचतो. गाठ आता ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात. आमच्या तळहाताला जे थरथरल्यावर कळायचं, ते यंत्राला त्याच्या कितीतरी आधी कळतं. आमचा "हलला!" पुष्कळदा उशिराच यायचा.

शस्त्रक्रिया संपली की सर बाहेर येत. व्हरांड्यात सकाळपासून ताटकळलेले नातेवाईक उठून उभे राहत आणि सर बाटलीत ठेवलेली गाठ त्यांना दाखवत. लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी. "सगळी काढली," असं सांगितलं की म्हातारी आई वाकून नमस्कार करायची. सगळी काढली हाच आमचा मान आणि हीच आमची पदवी. बाटली भिंतीवरच्या फळीवर जायची आणि विद्यार्थी ती बघायला यायचे.

आणि मग रात्री, भूल उतरताना, खाटेशी उभं राहून आम्ही म्हणायचो, "काका, डोळे मिटा. दात दाखवा." त्या दोन हुकमांवर सगळं अवलंबून असायचं. एक डोळा मिटायचा, दुसरा सताड उघडा राहायचा. ओठाचा एक कोपरा वर जायचा, दुसरा जागचा हलायचा नाही. ज्याची गाठ सगळी निघाली तो पुढची तीस वर्षं लग्नाच्या फोटोत मान वळवून उभा राहणार, हे त्या क्षणी ठरलेलं असायचं. उघड्या डोळ्याचं बुबुळ सुकू नये म्हणून पापण्या अर्ध्या शिवून टाकायच्या. पुढे कधी जिभेची नस चेहऱ्याच्या नसेला जोडायची. मग तो माणूस आरशासमोर बसून जीभ टाळूला दाबून हसायला शिकायचा. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, असं आम्ही त्याला सांगायचो, आणि तो महिनोन्‌महिने आरशात बघत राहायचा. फिजिओथेरपीच्या बाई एकेका रुग्णाबरोबर आरशात बघून तोंड वेडंवाकडं करत बसायच्या. त्यांच्यासारखी चिकाटी आम्हा सर्जनांत क्वचित होती.

ते दोन हुकूम आजही तसेच आहेत. फरक उत्तरात आहे. चांगल्या केंद्रात या शस्त्रक्रियेने मृत्यू येणं आता शेकडा एकाच्याही खाली आलं आहे आणि लहान-मध्यम गाठीच्या रुग्णांपैकी बहुतेकांचे दोन्ही डोळे मिटतात. मोठ्या गाठीत तर आजचा सर्जन नसेला घट्ट चिकटलेला गाठीचा पापुद्रा जाणूनबुजून मागे ठेवतो आणि दरवर्षी एमआरआय काढून त्यावर लक्ष ठेवतो. कुशिंग यांनी जे नाइलाजाने केलं ते तो निवडून करतो. आम्ही नातेवाईकांना बाटली दाखवायचो. तो त्यांना रुग्णाचा चेहरा दाखवतो. ज्या पिढीने "सगळी काढली" या दोन शब्दांसाठी आयुष्य घालवलं तिला "थोडी ठेवली" हे शब्द पचायला वेळ लागला. पण मोजमाप आजच्या सर्जनचंच बरोबर आहे. गाठ कॅन्सरची नव्हती. माणसाला चेहऱ्यासकट जगायचं होतं.

कधी कधी तर टेबलच लागत नाही. स्टॉकहोमला लार्स लेक्सेल यांनी १९६८ मध्ये गॅमा नाइफ वापरात आणलं: कोबाल्टच्या दोनशेच्या आसपास किरणरेषा एका बिंदूवर एकवटणारं यंत्र. नव्वदीच्या दशकात ते भारतात आलं, मुंबईतही आलं. तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला एकाच बैठकीत किरण देतात, रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी जातो, आणि दहातल्या नऊ गाठींची वाढ तिथेच थांबते. नुसतं बघत राहणं हाही आता मान्य उपचार आहे. साठीच्या माणसाची लहान गाठ वाढतच नसेल तर तिला हात कशाला लावा? आमच्या वेळी बघत राहणं म्हणजे कामात कुचराई वाटायची. पण बघत राहण्यासाठी गाठ लहान असताना सापडावी लागते, आणि ती तशी आम्हाला कधी सापडलीच नाही.

पाचव्या नसेची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिच्यात मुंबईचा वाटा आहे. ही गाठ कवटीच्या मधल्या आणि मागच्या कप्प्यात दोन्हीकडे फुगते आणि मधे हाडाच्या कडेवर तिची कंबर असते. आमच्या काळी ती दोन वेळा, दोन बाजूंनी उघडून काढायची वेळ यायची आणि तरीही काही उरायचं. केईएममध्ये डॉ. अतुल गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटीच्या तळाकडून जाणाऱ्या वाटांनी या गाठी काढल्या आणि २००३ मध्ये ७३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मेंदूवरच्या आवरणाच्या थरांत राहून काम केलं तर शेजारच्या नसा आणि धमनी यांना धक्का न लावता गाठ काढता येते, हे त्यातून पुढे आलं. इतक्या विरळ आजाराचे इतके रुग्ण एका ठिकाणी जमले, याला एक कारण परळच्या त्या रुग्णालयाकडे दूरदूरच्या गावांतून येणारी गरीब माणसं. आणि त्यांतल्या पुष्कळांच्या गाठी मोठ्या होत्या, याला कारण तेच जुनं: उशीर.

रुग्ण घरी गेल्यावर आमच्या हाती पोस्टकार्डं असायची. दर सहा महिन्यांनी सेक्रेटरी छापील कार्डं पाठवायच्या: कामावर जाता का, चालता येतं का, डोळ्याची तक्रार आहे का. उत्तरं तालुक्याच्या शाळामास्तरांच्या, पोस्टमनच्या, पाचवीतल्या नातवाच्या अक्षरात यायची. कार्डाच्या कडेला जागा उरेल तिथे पीकपाणी, लेकीचं लग्न, देवीची यात्रा, आणि "चेहरा अजून वाकडा आहे पण आता सवय झाली." आता फोन होतो, एमआरआय मोबाइलवर येतो, दोन मिनिटांत "गाठ तेवढीच आहे" असं उत्तर जातं. त्या कार्डांची आठवण आली की घसा दाटतो. पण जी कार्डं आली नाहीत त्यांचं काय? निम्म्याहून अधिक माणसं कार्डाला उत्तर देत नसत आणि आम्ही मनाशी धरून चालायचो की ती बरी आहेत. कुणाचं कवच पुन्हा वाढलं, कुणाचं बुबुळ पांढरं पडलं, कुणी घराबाहेर पडणं सोडलं, हे आम्हाला कळलंच नाही. आजचं दोन मिनिटांचं उत्तर रुक्ष आहे, पण ते खरं आहे आणि ते प्रत्येकाला मिळू शकतं.

मग आम्ही नेमकं कशासाठी हळहळतो? हवेच्या सुईसाठी नाही, भादरलेल्या डोक्यासाठी नाही, फळीवरच्या बाटलीसाठी तर मुळीच नाही. आमच्या तारुण्यासाठी हळहळत असू, तेही थोडंफार खरं असेल. पण ते वजा केलं तरी काही उरतं. त्या अर्ध्या तासात आम्ही माणसाजवळ बसायचो, त्याच्या चेहऱ्याला हात लावायचो, तो काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐकायचो. ते चांगुलपणाने नव्हे. दुसरा इलाज नव्हता म्हणून. गाठ कुठे आहे हे त्याच्या बोलण्यातूनच शोधायचं होतं. गरज होती तोवर आम्ही ऐकत होतो, आणि गरज संपली तशी आमच्यातल्याही पुष्कळांनी ऐकणं आवरतं घेतलं.

ती गरज खरं तर संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. अजूनही एमआरआयच्या आधी कुणाला तरी शंका यावी लागते. एका कानाने कमी ऐकू येणं म्हणजे वय झालं, मळ झाला, सर्दी झाली, असं समजून वर्षं काढणारी माणसं आजही गावोगाव आहेत. तालुक्याच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने त्यांना एवढंच विचारायला हवं की दोन्ही कान सारखे ऐकतात का, फोन कुठल्या कानाला लावता, आणि कधीपासून. तिथे ट्यूनिंग फोर्कला आजही काम आहे. आमच्या हातात तो उशिराची खूण वाचत होता, त्याच्या हातात तो वेळेवर सावध करू शकतो.

आणि निदान झाल्यावर तर पूर्वीपेक्षा जास्तच बोलावं लागणार आहे. आमच्या रुग्णापुढे एकच वाट होती आणि ती आम्ही ठरवत होतो. तो अंगठा उठवायचा आणि टेबलावर यायचा. आजच्या रुग्णापुढे तीन वाटा आहेत: बघत राहणं, किरण घेणं, शस्त्रक्रिया करणं. गाणं शिकवणाऱ्या बाईंना उरलेलं ऐकणं जपायचं असेल. रोज लोकांसमोर उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला चेहरा जपायचा असेल. परगावच्या मजुराला दरवर्षी स्कॅनसाठी शहरात येणंच परवडणारं नसेल. यातलं काहीही एमआरआयवर दिसत नाही. गाठ कुठे आहे हे शोधण्यात आमचा जो अर्धा तास जायचा तो यंत्राने वाचवला आहे. तिचं काय करायचं हे ठरवण्यासाठी तो रुग्णाला परत मिळाला पाहिजे, कारण मुळात तो त्याचाच होता.